कोडिंगची सराव-कोडी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोडवॉर्स, एक्सरसिझम यांसारख्या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर कोडी सोडवणाऱ्यांना कधीतरी वाटतंच की हे कोडं पायथनमध्ये आहे, जावास्क्रिप्टमध्ये आहे, मग माझ्या रस्टमध्ये किंवा सीमध्ये का नाही? तिथूनच भाषांतराचा नाद लागतो. काम विनामोबदला असतं आणि नाव कुठेतरी कोपऱ्यात येतं. तरीही ते नीट झालं तर पुढे शेकडो जण त्यावर हात बसवतात, आणि ढिसाळ झालं तर तेच शेकडो जण विनाकारण तासन्‌तास डोकं आपटतात. म्हणून हे प्रश्न आणि उत्तरं जरा तपशिलात लिहिली आहेत. इथे ‘भाषा’ म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा. मराठीचा विषय शेवटाकडे येतो, आणि मध्ये एकदा अनपेक्षितपणेही येतो.

नेमकं काय काय लिहावं लागतं?

कोडवॉर्सचं उदाहरण घेऊ. तिथे कोड्याला ‘काता’ म्हणतात. एका कात्यात निवेदन, सोडवणाऱ्याला सुरुवातीला दिसणारा रिकामा सांगाडा, लेखकाचं पूर्ण सोल्यूशन, गरज असेल तर आधीच लोड होणारा कोड, वर दिसणारे नमुना टेस्ट (उत्तर तपासणारा कोड) आणि सबमिट केल्यावर चालणारे खरे टेस्ट इतके भाग असतात. भाषांतर करणाऱ्याला निवेदन सोडून बाकी सगळं नव्या भाषेत नव्याने लिहावं लागतं, आणि निवेदनातही लागेल तिथे डागडुजी करावी लागते.

सोल्यूशन हा यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. ते कुणी बघतही नाही. कोडं म्हणजे खरं तर टेस्ट. निवेदनात काहीही लिहिलेलं असो, टेस्ट जे मान्य करतात तेच बरोबर उत्तर ठरतं. त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ टेस्टवर गेला पाहिजे. पहिल्यांदा भाषांतर करणाऱ्यांचं गणित बहुधा उलटं असतं.

काही साइटवर भाषांतर लागतच नाही, ते कसं?

तिथे प्रोग्रॅमला नुसता मजकूर इनपुट म्हणून मिळतो आणि तो मजकूरच छापतो. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेल्या कोडशेफवर असंच चालतं. तपासणारा फक्त छापलेलं उत्तर बघतो, कोड कोणत्या भाषेतला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. २००१ पासून चालू असलेलं प्रोजेक्ट ऑयलर आणि २०१५ पासून दर डिसेंबरला येणारं ॲडव्हेंट ऑफ कोड तर याहून पुढे जातात. तिथे कोड द्यायचाच नसतो, उत्तर तेवढं द्यायचं.

कोडवॉर्स आणि एक्सरसिझमवर मात्र टेस्ट तुमचं फंक्शन थेट बोलावतात, त्यात त्या भाषेतले टाइप (संख्या, यादी असे माहितीचे प्रकार) पाठवतात आणि परत आलेली व्हॅल्यू तपासतात. म्हणून तिथे प्रत्येक भाषेसाठी वेगळं काम करावं लागतं. त्याचा फायदाही आहे: सोडवणाऱ्याला इनपुट वाचण्यात वेळ घालवावा लागत नाही आणि त्या भाषेचे खरे टाइप वापरायला मिळतात.

कोडं उतरवण्यालायक आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

एक प्रश्न स्वतःला विचारा: या कोड्यात सोडवणाऱ्याचा घाम नक्की कुठे निघतो? ती जागा नव्या भाषेत शिल्लक राहत असेल तर कोडं उतरवा, नसेल तर सोडून द्या.

समजा कोडं असं आहे: दोन अतिशय मोठ्या संख्या स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) रूपात दिल्या आहेत, त्यांची बेरीज स्ट्रिंगमध्येच द्या. सीमध्ये हे छान कोडं आहे. एकेक अंक घ्या, हातचा सांभाळा, शून्यं गाळा, मेमरी मोजून घ्या. पायथनमध्ये पूर्णांकांना लांबीची मर्यादाच नसल्यामुळे ते एका ओळीत संपतं. रुबीतही तेच. असं कोडं पायथनमध्ये आणलं तर नाव तेच राहतं, कोडं मात्र उरत नाही.

उलट दिशेनेही हाच प्रकार होतो. पायथनचे डेकोरेटर, जावास्क्रिप्टमधला ‘धिस’चा घोळ, सीमधले पॉइंटर यांच्यावर बेतलेली कोडी त्या त्या भाषेची असतात. ती तिथेच राहू द्यावीत. आणखी एक वर्ग म्हणजे एकाच यादीत संख्या, स्ट्रिंग आणि याद्या सरमिसळ देणारी कोडी. पायथन-जावास्क्रिप्टला ते चालतं. हास्केलमध्ये त्यासाठी आधी वेगळा टाइप बनवून द्यावा लागतो, आणि तो बनवून दिला की निम्मं उत्तर हातात पडतं. अशा वेळी मोह आवरलेला बरा.

सुरुवात कशाने करू?

आधी कोडं मूळ भाषेत स्वतः सोडवा. मग त्याखालची चर्चा वाचा. ‘रिकामी यादी आली तर काय?’, ‘ऋण संख्या येतात का?’ असे प्रश्न तिथे सापडतात, आणि लेखकाने दिलेली उत्तरं हाच निवेदनाचा न लिहिलेला भाग असतो. त्यानंतर मूळ टेस्ट ओळ न् ओळ वाचा. मग मूळ सोल्यूशन बंद करून नव्या भाषेत स्वतःच्या डोक्याने सोडवा. मूळ कोड समोर ठेवून ओळीमागे ओळ बदलत गेलात तर जावाच्या तोंडवळ्याचं पायथन तयार होतं, आणि फंक्शनची मांडणीही जावाच्याच वळणाची होते. ती मांडणी मग प्रत्येक सोडवणाऱ्याच्या माथी बसते.

पूर्णांकांबाबत एवढं सावध का राहायचं?

सगळ्यात जास्त भाषांतरं इथेच बिघडतात म्हणून. फिबोनाचीचं (प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज) साधं कोडं घेऊ: क्रमांक द्या, त्या क्रमांकाची संख्या मिळवा. पहिली आणि दुसरी संख्या १ धरू.

३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. फिबोनाचीतली ४६वी संख्या १८३६३११९०३ आहे, ती मावते. ४७वी २९७१२१५०७३, ती मावत नाही. जावामध्ये साधा ‘इंट’ वापरला असेल तर कुठलीही तक्रार न करता -१३२३७५२२२३ हे उत्तर येतं. सीमध्ये चिन्हासहित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाला (संख्या मर्यादेबाहेर गेली) की काय होईल याची हमीच नाही. रस्ट डीबगमध्ये चालवला तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, रिलीजमध्ये गुपचूप गुंडाळून पुढे जातो.

६४ बिट घेतले तर ९२व्या संख्येपर्यंत जाता येतं. ९३वी संख्या १२२००१६०४१५१२१८७६७३८, आणि चिन्हासहित ६४ बिटांची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७.

जावास्क्रिप्टची गोष्ट निराळी. तिथली नेहमीची संख्या दशांश अपूर्णांकासारखी साठवली जाते आणि पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीचे. ७८वी फिबोनाची संख्या ८९४४३९४३२३७९१४६४ या हद्दीत बसते. ७९वी संख्या १४४७२३३४०२४६७६२२१ आहे. ती हद्दीबाहेर आहे आणि विषमही. त्या टप्प्यात जावास्क्रिप्टला फक्त सम पूर्णांक साठवता येतात, म्हणजे उत्तर चुकणारच. गंमत अशी की फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराच्या) कोड्यात हीच हद्द १९ ला ओलांडली जाते, तरी २२ पर्यंतची फॅक्टोरियल तंतोतंत साठवली जातात, कारण त्यांच्यात २ चे अवयव भरपूर असतात. म्हणून ‘मी दोन-चार मोठे आकडे तपासले, बरोबर आले’ एवढ्यावर विसंबू नका.

आता पायथनमधलं मूळ कोडं १०००वी संख्या मागत असेल तर पर्याय दोनच. एक, नव्या भाषेतला मोठ्या पूर्णांकांचा टाइप वापरा: जावात बिगइंटिजर, जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून प्रमाणात आलेला बिगइंट. दोन, इनपुटची मर्यादा कमी करा आणि निवेदनात ती त्या भाषेपुरती स्पष्ट लिहा. कोड्याचा जीव मोठ्या संख्यांत असेल तर पहिला पर्याय घ्या, नुसत्या लूपच्या सरावाचं कोडं असेल तर दुसरा. तिसरा पर्याय, म्हणजे काहीच न लिहिता टेस्टमधले मोठे आकडे हळूच काढून टाकणं, हा सोडवणाऱ्यावर अन्याय आहे. त्याने मेहनतीने बिगइंट वापरावा आणि टेस्टमध्ये ५० च्या पुढे काही येऊच नये, हे बरोबर नाही.

ऋण संख्यांचा भागाकार आणि बाकी?

-७ % ३ चं (% म्हणजे भागून उरलेली बाकी) उत्तर पायथन आणि रुबीत २ येतं. सी, जावा, जावास्क्रिप्ट, गो, रस्ट यांच्यात -१ येतं. हास्केलमध्ये दोन्हीसाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत. भागाकारातही असंच: -७ ला २ ने पूर्णांक भागाकार केला तर पायथन -४ देतं, जावा -३.

याचा फटका कुठे बसतो ते बघा. सीझर सायफरच्या (प्रत्येक अक्षर ठरावीक घरं सरकवून गुप्त मजकूर बनवण्याच्या) कोड्यात इंग्रजी ‘ए’ तीन घरं मागे सरकवला तर ‘एक्स’ यायला हवा. ‘ए’चं स्थान ०, त्यातून ३ वजा, त्याची २६ ने बाकी. पायथनमध्ये २३ येते आणि तेविसाव्या घरात ‘एक्स’ असतो. तोच हिशेब सीमध्ये जसाच्या तसा लिहिला तर बाकी -३ येते, ‘ए’च्या कोड ९७ मधून ३ गेले की ९४ उरतात, आणि ९४ म्हणजे ^ हे चिन्ह. सोडवणाऱ्याकडून ही चूक झाली तर ठीक, ते त्याचं शिकणं आहे. तुमच्या रेफरन्स सोल्यूशनमध्ये (म्हणजे टेस्ट ज्याच्याशी उत्तरं ताडून बघतात त्या तुमच्या सोल्यूशनमध्ये) झाली तर बरोबर उत्तरं नापास होतील. जावात यासाठी ‘फ्लोअरमॉड’ आहे, रस्टमध्ये युक्लिडी बाकी देणारं फंक्शन आहे, सीमध्ये २६ मिळवून पुन्हा बाकी काढायची.

राउंडिंग आणि दशांश?

२.५ चं राउंडिंग पायथन ३ मध्ये आणि सी-शार्पमध्ये २ येतं, कारण तिथे अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे जाते. जावास्क्रिप्ट, जावा आणि रुबीत ३ येतं. -२.५ चं सीमध्ये -३, जावात -२. म्हणून निवेदनात नुसतं ‘राउंड करा’ असेल तर मूळ टेस्टमध्ये नेमका अर्धा कुठे येतो का ते शोधा. येत असेल तर नियम निवेदनात लिहा, किंवा अशी इनपुट टाळा.

दशांश उत्तरं तंतोतंत समान आहेत का हे कधीच तपासू नका. ०.१ + ०.२ मधून ०.३०००००००००००००००४ येतं हे सगळ्यांना पाठ असतं, तरी टेस्टमध्ये थेट बरोबरी दिसतेच. थोडी सूट ठेवा, आणि उत्तरं मोठी असतील तर ती सूट उत्तराच्या प्रमाणात ठेवा.

स्ट्रिंगची लांबी तर सगळीकडे सारखीच असते ना?

नाही, आणि हे मराठी माणसाला समजावायला आपलीच लिपी पुरते. ‘मराठी’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात: म, रा, ठी. युनिकोडच्या हिशेबात ती पाच चिन्हं आहेत, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ठेवली की प्रत्येक चिन्हाला तीन याप्रमाणे पंधरा बाइट होतात. आता लांबी विचारा. स्विफ्ट ३ सांगतं. पायथन, रुबी, जावा, जावास्क्रिप्ट ५ सांगतात. गो आणि रस्ट १५ सांगतात.

‘स्ट्रिंग उलटी करा’ हे नवशिक्यांचं नेहमीचं कोडं. स्विफ्टमध्ये ‘मराठी’चं ‘ठीराम’ होतं. पायथनमध्ये चिन्हं उलटली की वेलांटी सगळ्यात पुढे येऊन निराधार लटकते आणि काना ‘ठ’ला चिकटून ‘ठारम’ होतो. सीमध्ये बाइट उलटले तर वाचण्यासारखं काहीच उरत नाही. तीनही उत्तरं आपापल्या भाषेच्या नियमाने ‘बरोबर’ आहेत.

मूळ टेस्टमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं असतील तर हा प्रश्न उद्भवत नाही. पण मग ‘इनपुटमध्ये फक्त आस्की (साधी इंग्रजी) अक्षरं असतील’ हे निवेदनात लिहून टाका. इमोजी किंवा देवनागरी असेल तर लेखकाला काय अभिप्रेत आहे ते आधी विचारा.

‘उत्तर नाही’ हे कसं दाखवायचं?

पायथनमध्ये ‘नन’, जावास्क्रिप्टमध्ये ‘नल’, रस्टमध्ये ‘ऑप्शन’, हास्केलमध्ये ‘मेबी’, गोमध्ये उत्तरासोबत वेगळी एरर. सीमध्ये बहुधा -१ किंवा खरं-खोटं परत देऊन उत्तर पॉइंटरने. त्या भाषेत रोज काम करणारा माणूस जे करेल ते करा. जावात एक्सेप्शन फेकलं जातं म्हणून रस्टमध्ये पॅनिक करायला (प्रोग्रॅम तिथेच बंद पाडायला) लावणं ही ओढूनताणून आणलेली नक्कल झाली.

एक्सरसिझमची पद्धत इथे शिकण्यासारखी आहे. कॅटरिना ओवेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात बहुतेक कोड्यांचे टेस्ट केस एका सामाईक जेसन (माहिती साध्या मजकुरात मांडण्याची पद्धत) फाइलमध्ये, कुठल्याही भाषेशी न बांधता ठेवलेले असतात. जिथे इनपुट चुकीचं असतं तिथे अपेक्षित उत्तराच्या जागी फक्त ‘एरर’ अशी नोंद आणि एक संदेश असतो. ती एरर कशी व्यक्त करायची हे त्या त्या भाषेचा गट ठरवतो. शिवाय प्रत्येक केसला स्वतःची कायमची ओळख-संख्या असते. एखादा केस आपल्या भाषेत निरर्थक असेल तर तो वगळल्याची नोंद ठेवायची सोय आहे, त्यामुळे काय सोडलं आणि काय राहून गेलं यात गल्लत होत नाही. तुम्ही दुसरीकडे काम करत असाल तरी स्वतःपुरती अशी यादी ठेवा. फार उपयोगी पडते.

क्रमाचं काय? सॉर्टिंग, डिक्शनरी वगैरे?

पायथनची डिक्शनरी (नावानुसार व्हॅल्यू साठवणारी रचना, इतर भाषांत मॅप) ३.७ पासून टाकलेल्या क्रमाने चालते. जावाच्या हॅशमॅपला क्रमाची हमी नाही. गो तर मॅपवर फिरताना मुद्दाम क्रम बदलत राहतं. मूळ कोड्यात ‘सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द’ मागितला असेल आणि दोन शब्द बरोबरीत आले तर पायथनमध्ये आपोआप पहिला मिळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गोमध्ये दर वेळी वेगळा मिळेल. बरोबरी फोडायचा नियम निवेदनात घाला.

सॉर्ट स्थिर आहे की नाही, म्हणजे बरोबरीच्या घटकांचा मूळ क्रम टिकतो की नाही, तेही बघा. सी++चा नेहमीचा सॉर्ट स्थिर असेलच असं नाही, पायथनचा असतोच. आणि जावास्क्रिप्टमध्ये तुलना न सांगता [१०, ९, १] सॉर्ट केलं तर १, १०, ९ येतं, कारण ते स्ट्रिंग समजून लावलं जातं. रेफरन्स सोल्यूशनमध्ये हे विसरू नका.

रँडम टेस्ट खरंच लागतात का? ठरावीक वीस टेस्ट पुरणार नाहीत?

लागतात. ठरावीक टेस्टची उत्तरं कुणीतरी छापून घेतो आणि नुसती तीच परत देणारा कोड सबमिट करतो. पण रँडम टेस्ट म्हणजे नुसते कसेही आकडे फेकणं नव्हे.

पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द) ओळखायचं कोडं घ्या. दहा अक्षरांची रँडम स्ट्रिंग बनवली तर ती पॅलिंड्रोम असण्याची शक्यता २६ च्या पाचव्या घातात एक, म्हणजे १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६ मध्ये एक. तुम्ही शंभर टेस्ट चालवाल आणि शंभरांचं उत्तर ‘नाही’ येईल. म्हणजे काहीही न बघता ‘नाही’ परत देणारं फंक्शन रँडम टेस्ट पास होतं. निम्म्या वेळा मुद्दाम पॅलिंड्रोम तयार करा, काही वेळा एकच अक्षर बिघडवलेलं जवळपास पॅलिंड्रोम द्या. प्रत्येक कोड्यात असा विचार करावा लागतो: योगायोगाने कुठलं उत्तर जवळजवळ कधीच येणार नाही?

दुसरी खबरदारी इनपुटची प्रत देण्याची. सोडवणाऱ्याने यादी जागच्या जागी सॉर्ट केली आणि तीच यादी नंतर रेफरन्स सोल्यूशनला गेली तर दोघांना वेगवेगळं इनपुट मिळालं. एखादा चलाख सोडवणारा यादी रिकामीच करून टाकेल, रेफरन्सला शून्य घटक मिळतील आणि तोही शून्य परत देईल. म्हणून अपेक्षित उत्तर आधी काढा आणि दोघांना वेगळ्या प्रती द्या. रस्ट किंवा हास्केलसारख्या भाषेत टाइपच हे बऱ्याच अंशी सांभाळतात. पायथन, रुबी, जावास्क्रिप्टमध्ये तुम्हालाच सांभाळायचं आहे. जावास्क्रिप्टमध्ये रेफरन्स फंक्शन सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवू नका, नाहीतर सोडवणारा तेच बोलावून मोकळा होतो.

तिसरं म्हणजे नापास झाल्यावरचा संदेश. ‘अपेक्षित खरं, मिळालं खोटं’ एवढ्याने कुणाला काय कळणार? इनपुट काय होतं ते संदेशात द्या. हे दहा मिनिटांचं काम असतं आणि सोडवणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

मोठ्या इनपुटच्या मर्यादा तशाच ठेवायच्या का?

हेतू तोच ठेवा, आकडा बदलू शकतो. यादीच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात पायऱ्या घेणारं सोल्यूशन बाद व्हावं असा मूळ लेखकाचा हेतू असेल आणि पायथनमध्ये यादी दहा हजारांची असेल, तर दहा कोटी पायऱ्या होतात. पायथनला त्याला कित्येक सेकंद लागतात. सी++ तेच काम सेकंदाच्या आसपास उरकतं आणि संथ पद्धत सहज पास होते. मग सी++साठी यादी लाखाची करावी लागते. उलट सी++मधून पायथनमध्ये येताना मर्यादा खाली आणावी लागते, नाहीतर योग्य पद्धतही वेळेत बसत नाही. अंदाज करू नका. संथ आणि जलद दोन्ही सोल्यूशनं लिहून चालवून बघा.

रिकर्शनचंही (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याचंही) तसंच. पायथनची नेहमीची मर्यादा १००० पातळ्यांची आहे. स्कीम या भाषेत लाखभर पातळ्यांचं शेपटाकडचं (शेवटची पायरी म्हणून स्वतःलाच बोलावणारं) रिकर्शन बिनदिक्कत चालतं. तिथलं कोडं पायथनमध्ये आणलं तर लोकांना लूप लिहायला लागेल. ते चालत असेल तर ठीक.

सीमध्ये उतरवताना वेगळं काही?

मेमरी. परत द्यायची स्ट्रिंग कोण तयार करणार आणि कोण मोकळी करणार, हे सांगाड्याच्या वर कॉमेंटमध्ये लिहा. टेस्ट मेमरी मोकळी करत असतील आणि सोडवणाऱ्याने कोडातच लिहिलेली स्थिर स्ट्रिंग परत दिली तर प्रोग्रॅम कोसळतो, आणि कारण त्याला दिसत नाही. यादी परत द्यायची असेल तर लांबीही पॉइंटरमधून घ्यावी लागते.

फंक्शनची नावं?

त्या भाषेच्या रूढीने. पायथन, रुबी, रस्टमध्ये छोट्या अक्षरांत आणि मध्ये अधोरेखा, जावा-जावास्क्रिप्टमध्ये उंटाच्या पाठीसारखी (पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं), सी-शार्पमध्ये पहिलं अक्षरही मोठं. ल्युआ, जुलिया, आर यांच्यात मोजणी १ पासून असते, तेव्हा ‘जागा सांगा’ प्रकारच्या कोड्यात निवेदन तपासा.

निवेदनात किती बदल करावा?

लागेल तेवढाच. गोष्ट, विनोद, लेखकाची शैली यांना हात लावू नका. कोडवॉर्सवर ठरावीक भाषेपुरताच दिसणारा मजकूर लिहिता येतो. टाइप, मर्यादा, ‘उत्तर नाही’ची पद्धत तिथे द्या. उदाहरणं शक्य असतील तर सगळ्या भाषांना चालतील अशी साध्या चिन्हांत मांडा, म्हणजे पुढच्या भाषांतरकाराचं काम वाचतं.

मूळ कोड्यातच चूक सापडली तर? लेखकाला कळवा. फक्त आपल्या भाषेत गुपचूप दुरुस्त केलीत तर एकाच नावाखाली दोन वेगळी कोडी तयार होतात आणि चर्चेत नुसता गोंधळ उडतो.

नव्या भाषेत कोडं जास्त अवघड झालं तर त्याची श्रेणी बदलते का?

कोडवॉर्सवर नाही. तिथल्या श्रेणीला ‘क्यू’ म्हणतात: ८ क्यू सोपं आणि १ क्यू सगळ्यात अवघड, आणि कात्याची श्रेणी सर्व भाषांना एकच. म्हणूनच अवघडपणा फार हलू न देणं ही तुमची जबाबदारी ठरते. पायथनमधलं ७ क्यूचं कोडं सीमध्ये अर्धा दिवस खाणार असेल तर आधीच लोड होणाऱ्या कोडात एखादं मदतीचं फंक्शन देऊन ओझं हलकं करा.

एका साइटवरचं कोडं दुसऱ्या साइटवर नेलं तर?

ती वेगळी गोष्ट आहे. एक्सरसिझमचं साहित्य एमआयटी परवान्याखाली खुलं आहे. ॲडव्हेंट ऑफ कोडचे कर्ते एरिक वॉस्टल यांनी मात्र मजकूर आणि इनपुट कुठेही पुन्हा टाकू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. परवाना वाचा, नसेल तर विचारा. नुसती भाषा बदलली म्हणून कोडं तुमचं होत नाही.

एआयकडून भाषांतर करून घेतलं तर काय बिघडलं?

साइटचा नियम आधी बघा. परवानगी असली तरी मसुद्याच्या पुढे त्यावर भिस्त ठेवू नका. वर दिलेल्या जागांवर (बाकी, ओव्हरफ्लो, बरोबरी, इनपुटच्या प्रती) असा कोड नेमका गोडगोड दिसतो आणि चुकतो. टेस्ट केस गाळले गेले तरी पटकन कळत नाही. प्रत्येक केस मुळाशी ताडून बघणार नसाल तर ते काम दुसऱ्यासाठी ठेवा. बघणाऱ्यांचा वेळही मोलाचा आहे.

विद्यार्थ्यांसाठी निवेदन मराठीत करता येईल का?

जरूर करावं. आपल्याकडे डिप्लोमाला आणि इंजिनिअरिंगला मुलं आधी सी, मग जावा, पायथन अशी एकामागून एक भाषा शिकतात. ओळखीचंच कोडं नव्या भाषेत समोर आलं तर लक्ष फक्त भाषेवर राहतं. निवेदन मराठीत असेल तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा इंग्रजी वाक्य उलगडण्यातला वेळ वाचतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीत आणलेले आहेत. त्यातली भाषा ऐकून बघा.

पारिभाषिक शब्दांचा अट्टहास नको. ‘ॲरे’, ‘स्ट्रिंग’, ‘लूप’ हेच शब्द वर्गात, लॅबमध्ये, तोंडी परीक्षेत चालतात, तेच ठेवा. गणिताचे शब्द मात्र शाळेतले घ्या: मूळ संख्या, विभाजक, बाकी, लसावि, मसावि. ते मुलांच्या अंगवळणी पडलेले असतात आणि इंग्रजीपेक्षा लवकर समजतात.

भाषांतर सादर केल्यावर पुढे काय?

कोडवॉर्सवर मूळ लेखक किंवा पुरेसा मान मिळवलेले सदस्य ते तपासून मंजूर करतात. कधी लगेच होतं, कधी महिने जातात, कारण लेखक केव्हाच साइट सोडून गेलेला असतो. चर्चेत नम्रपणे कळवा आणि थांबा. दरम्यान मूळ निवेदन बदललं तर तुमच्या प्रतीचा मेळ पुन्हा घालावा लागतो. आलेले शेरे मनाला लावून घेऊ नका. ‘रँडम टेस्टमध्ये रिकामी यादी येत नाही’ असं कुणी लिहिलं असेल तर त्याने तुमचा कोड खरोखर वाचला आहे. दुरुस्त करा, काय बदललं ते दोन ओळींत लिहा आणि पुन्हा सादर करा. मंजूर झाल्यानंतरही सुरुवातीचे काही दिवस चर्चेवर नजर ठेवा. पहिले दहा-वीस जण सोडवतात तेव्हाच राहिलेल्या फटी दिसतात, आणि त्या बुजवायला तुमच्याइतकं ते कोडं त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात ताजं नसतं.